उद्याचा भरडा

रूथमावशींच्या घरात उतरंड नव्हती. आमच्या त्या मुलखात हे सांगणं म्हणजे अमक्याच्या घराला दार नव्हतं असं सांगण्यासारखं आहे. जामखेडच्या पूर्वेला, बीडची हद्द सुरू होते तिथल्या त्या गावात गरिबातल्या गरिबाच्या घरीही कोपऱ्यात एकावर एक चढवलेली चार मडकी असत. खालच्यात ज्वारी, वर डाळ, त्याच्या वर मीठ-मिरची. आत काही नसलं तरी मडकी असतच, कारण पाहुण्यासमोर अब्रू राखायला रिकामी मडकीही उपयोगी पडतात. मावशींकडे होता एक पत्र्याचा डबा, आणि त्यात आजचं पीठ असे. उद्याचं कुठं आहे असं विचारलं की त्या बोट वर करत. वर आढ्यात उंदरांखेरीज काही नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी हसत असे.

मी केडगावचा. प्राथमिक शाळेवर मास्तर म्हणून त्या गावात नेमणूक झाली तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. गावठाण संपून ख्रिस्ती वस्ती सुरू होते तिथं एक खोली रिकामी होती, आणि मास्तरला भाड्यानं देण्याजोगी दुसरी खोली गावात नव्हती. भिंतीपलीकडे मावशी. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिनं दोनच गोष्टी विचारल्या, पाणी कुठल्या आडाचं भरता आणि शेजार कुणाचा. शेजारी एक विधवा म्हातारी आहे, देवाचं फार करते, असं मी सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मावशी बुटक्या, रुंद आणि सावळ्या होत्या. पांढरं लुगडं, नाकावर एका काडीच्या जागी दोरा बांधलेला चष्मा, आणि आवाज असा, की वस्तीत कुणाशी हळू बोलल्या तरी शाळेत मुलं माना वळवत. नवरा सुवार्तिक होता. सायकलवरून गावोगाव हिंडून प्रभूची वचनं सांगायचा. तो गेल्यावर मावशी जुन्या लुगड्या-धोतरांच्या वाकळी शिवून पोट भरत. वाकळ नेणारा कधी शेर-दीड शेर ज्वारी देई, कधी नुसती आश्वासनं. आश्वासनं देणाऱ्यालाही त्या वाकळ देत. मी एकदा चिडून म्हणालो, "मावशी, 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असं चाललंय तुमचं." त्यांनी दातानं दोरा तोडला आणि म्हणाल्या, "खाटल्यावर कोन बसलंय, मास्तर? सकाळधरनं सुई हातात हाय."

त्यांची प्रार्थना भिंतीतून ऐकू यायची. तिला प्रार्थना म्हणायचं की भांडण, हे मला तीन वर्षांत ठरवता आलं नाही. देवाशी त्या अरेतुरेत बोलत. पलीकडच्या दानियलचा खोकला अजून का थांबला नाही, सरपंचाला अक्कल कधी देणार, असा जाब विचारत. स्वतःसाठी मात्र मागणं एकच, आजच्या भाकरीचं. उद्याच्या भाकरीचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही. का नाही म्हणून विचारलं, तर त्यांनी मला वाळवंटातल्या लोकांची गोष्ट सांगितली. देव रोज सकाळी त्यांच्यासाठी अन्न पाडायचा, पण ज्यांनी उद्यासाठी झाकून ठेवलं त्यांच्या अन्नात किडे पडले. "द्येवाला साठा आवडत न्हाई," त्या म्हणाल्या. "साठा केला की मानूस त्येच्याकडं बघायचं सोडतो." मी म्हणालो, की असं असेल तर मुंगीला नरकातच जावं लागणार. त्यावर त्या मनापासून हसल्या. त्यांची थट्टा करण्यातलं सुख हेच होतं, त्या रागावत नसत.

त्यांची एक सवय सांगायलाच हवी. दिवेलागणीला त्या चूल पेटवून तवा ठेवीत. डब्यात पीठ असो वा नसो. पहिल्याच पावसाळ्यात सुमन, म्हणजे माझी बायको, धावत घरात आली आणि म्हणाली, की मावशींचा तवा नुसता तापतोय, धूर निघतोय, आणि त्या शेजारी मांडी घालून गाणं म्हणतायत. तिनं परातीत दोन भाकरींचं पीठ काढलं आणि नेऊन दिलं. मावशींनी आश्चर्य दाखवलं नाही की आभारही मानले नाहीत, लगेच पीठ मळायला घेतलं. "तवा तापला की द्येवाला लाज वाटती," त्या सुमनला म्हणाल्या. मी मास्तर पडलो, मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी त्यांना समजावून सांगितलं, की लाज देवाला वाटत नाही, शेजाऱ्याला वाटते. धूर दिसतो, पण भाकरीचा वास येत नाही, म्हणून शेजारी उठतो. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं. "मंग दुसरं काय म्हनते मी?" त्या म्हणाल्या. "द्येव काय सोता परात घिऊन येनार हाय का?"

पुढं पाऊस रुसला. एक वर्ष कसंबसं गेलं, आणि बहात्तर साली तर पेरलेलं बीसुद्धा परत आलं नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. जनावरं छावणीला गेली, ज्यांना छावणी मिळाली नाही त्यांची कसायाला गेली. गावाबाहेर, आमच्या वस्तीला लागूनच, पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि आसपासच्या गावांतली माणसं टोपली-फावडी घेऊन त्यावर आली. ज्यांच्या घरी सालगडी होते तेही आले. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिकडं माती वाहत होती आणि उरलेली पेंगत होती. रिकाम्या पोटी पाढे पाठ होत नाहीत हे मला तेव्हा कळलं. मी छडी ठेवून दिली.

कामावरच्या लेकुरवाळ्यांसाठी, मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी नगरच्या एका धर्मादाय संस्थेनं तिथंच लापशीचं स्वयंपाकघर काढलं. जामखेडच्या गोदामातून रोज सकाळी एक जीप यायची आणि त्या दिवसापुरतीच गव्हाच्या भरड्याची आणि गुळाची पोती उतरवून जायची. रांधायला-वाढायला कोण, असा प्रश्न आला तेव्हा चर्चच्या पाळकांनी मावशींचं नाव सुचवलं. गावात कुजबुज झाली. त्यांच्या हातचं खायचं कसं? कुजबुज फार टिकली नाही. भुकेपुढं भल्याभल्यांचा सोवळेपणा सुटतो, तसा सुटला. पण लाज सुटत नव्हती, आणि ती मावशींना बरोबर दिसायची. गावातल्या एका मोठ्या घरच्या काकू तोंडावरून पदर घेऊन रांगेत येत. त्यांची पाळी आली की मावशी पाठ फिरवून लाकडं सारत बसत आणि मोठ्यानं म्हणत, "भांडी ठिवा तितं, मी वाढून ठिवते." काकूंना कुणाचं तोंड पाहावं लागत नसे आणि कुणाला आपलं दाखवावं लागत नसे. आयुष्यभर ज्यांच्या उंबऱ्याला मावशींचा पाय लागू दिला नव्हता, त्यांची अब्रू मावशी अशी राखत होत्या.

रोजचं वाढून झालं की त्या मोठा हंडा सगळ्यांसमोर पालथा घालत. पळीनं खरवडून शेवटचा घास कुणाच्या तरी ताटलीत पडलेला असे. मग हंड्याच्या बुडावर थाप मारून म्हणत, "आजचं फिटलं, बापा. उद्याचं तू बघ." पोत्याच्या कोपऱ्यातला मूठभर भरडाही त्या मागं ठेवत नसत. संस्थेचा माणूस म्हणायचा, की थोडं राखून ठेवत जा, गाडीचा काही भरवसा नाही. त्यावर मावशी गाडीचा भरवसा धरून मी बसलेच नाही, असं उत्तर द्यायच्या. आणि गाडी रोज यायची. कधी उशिरा येई, कधी अर्धीच पोती घेऊन, पण यायची. सगळ्या गावाला हळूहळू त्या थापेचा धीर वाटायला लागला. मलाही वाटायचा, पण मी कबूल करत नसे.

अशात, ऐन फाल्गुनात, आमची नंदा जन्मली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. सुमन अशक्त झाली होती आणि तिला दूध येत नव्हतं. माझा पगार होता, पण पगार शिजवून खाता येत नाही. बाजारात धान्यच नव्हतं. रेशनवर मिळायचा तांबडा मिलो, ती परदेशी ज्वारी सुमनला पचेना. पोर दिवसभर रडे आणि रडून थकली की गप्प पडे, आणि ते गप्प पडणं रडण्याहून वाईट होतं. आईला केडगावहून बोलावलं होतं. ती मेथ्या, खोबरं, जे मिळालं ते घेऊन आली होती, तेही संपलं.

लापशीच्या स्वयंपाकघरात अंगावर पाजणाऱ्या प्रत्येक बाईचा, ती कामावर नसली तरी, वाटा होता. तो हक्काचा होता, कुणाच्या मेहेरबानीचा नव्हता. सुमन बाळंतीण, खोलीबाहेर पडू शकत नव्हती, म्हणजे तिच्या नावानं मी भांडं घेऊन रांगेत उभं राहायला हवं होतं. मावशींनी मला दोनदा सांगितलं, "मास्तर, सुमनच्या वाट्याचं न्यायला या." मी दोन्ही वेळा बघू म्हणालो. त्या रांगेत माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप होते. सरकारी नोकर, महिन्याच्या महिन्याला पगार उचलणारा मास्तर हातात पातेलं घेऊन त्यांच्यात उभा राहणार, हे मला जमेना. आईलाही ते रुचलं नसतं, आणि कुणाच्या हातचं ते आहे हे कळल्यावर तर मुळीच नाही. काकूंना जे जमलं ते मला जमलं नाही, एवढंच खरं.

अशात एका सकाळी जीपवाला पोती उतरवताना सांगून गेला, की गोदाम रिकामं झालंय, आता पुढचे काही दिवस गाडी येईलसं वाटत नाही. संध्याकाळी मावशी आमच्याकडे आल्या. पदराखालून कापडी पिशवी काढली आणि सुमनच्या उशाशी ठेवली. भरडा होता, चार-पाच दिवस पुरेल इतका, आणि वर गुळाचा खडा. मला आनंद झाला, आणि आनंद झाला की माझी जीभ सैल सुटते. "काय मावशी," मी म्हणालो, "उद्याचं आजच? देवावरचा भरवसा उडाला वाटतं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बाळंतीन हाय, मास्तर," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. शेवटी म्हातारीला व्यवहार कळला म्हणून मी सुमनला हसून दाखवलं. आईनं भरडा कुठून आला ते विचारलं नाही. तिनं तो तुपाविना भाजला, गूळ घातला आणि सुमनला भरवला. आम्हीही चमचा चमचा खाल्ला. दोन दिवसांत सुमनला दूध आलं. पोर पोटभर प्यायली आणि झोपली, आणि मी किती दिवसांनी निवांत बसून विडी ओढली.

पण जीप दुसऱ्या दिवशी सकाळी आली होती. रोजच्यापेक्षा लवकर.

मावशींमध्ये काहीतरी बिनसलंय हे आधी सुमनच्या ध्यानात आलं. भिंतीतून भांडण ऐकू येईना. दिवेलागणीला चूल पेटेना. स्वयंपाकघरात त्या रांधत होत्या, पण वाढायची पळी त्यांनी दानियलच्या सुनेच्या हातात दिली होती आणि स्वतः रांगेच्या शेवटी जाऊन बसत. सगळ्यांचं झाल्यावर हंड्यात काही चिकटलेलं राहिलं तर ते खात, नाही राहिलं तर पाणी पिऊन उठत. हंड्यावरची थाप बंद झाली. त्या वाळू लागल्या. रुंद बाई वाळली की फार वेगळी दिसते.

सुमननं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. मी दारातच उभा होतो. जीपवाला तसं सांगून गेला त्या दिवशी सकाळीच त्यांनी पोत्यातला भरडा काढून घरी पेटीत ठेवला होता. दुपारी वाढून संपलं, हंडा पालथा घालायची वेळ झाली, आणि एक बाई आली. परगावची, लांबून चालत आलेली, कपाळावर आडवा व्रण. एक मुलगा हाताशी, एक मुलगी कडेवर. मावशी संपलं म्हणाल्या आणि तिच्यासमोर हंडा पालथा घातला. हंडा खरंच रिकामा होता. मुलानं पुढं होऊन हंड्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि चाटलं. ती बाई 'बरं' म्हणाली आणि आल्या वाटेनं गेली. पेटी तिथून हाकेच्या अंतरावर होती.

"पेटीतलं काढून शिजवायला कितीसा येळ लागला आसता?" मावशी म्हणाल्या. "पन मला वाटलं, उद्या गाडी न्हाई आली तर पोरीचं कसं. इतकी वर्सं उद्याचं त्येच्यावर टाकलं, आन् त्या दिशी म्हनले, तू ऱ्हाऊ दे, उद्याचं मी बघते."

सुमन रडायला लागली. मी नेहमीसारखा समजावायला पुढं सरसावलो. म्हणालो, की मावशी, तो सुमनच्या हक्काचाच वाटा होता. तुम्ही शेकड्यांना जगवलंत, एकीला एक दिवस मिळालं नाही, त्याचं एवढं काय. माझा आवाज शाळेतल्यासारखा ठाम होता, कारण आत मला पुरतं कळलं होतं, की मी पातेलं घेऊन रांगेत उभा राहिलो असतो तर तो वाटा उघड मिळाला असता, पेटीत काही दडवावं लागलं नसतं, आणि त्यांना खोटं बोलावं लागलं नसतं. त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही, माझं सगळं ऐकून घेतलं.

"शेकड्यांना वाढलं ते द्येवानं वाढलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हनले ती मी."



त्यानंतर दर रविवारी उपासना आटोपली की त्या निघत. आसपासची दुष्काळी कामं, खडी फोडायच्या जागा, छावण्या, सगळीकडे पायी जाऊन विचारत, कपाळावर व्रण असलेली बाई पाहिली का, संगं दोन लेकरं. लोकांना वाटायचं, म्हातारीची लेक पळाली असावी. सुमन त्यांच्यासाठी भाकरी राखून ठेवायची. त्या घेत, पण वस्तीतल्या कुणाला तरी नेऊन देत. आमच्या घरी त्या नंदाला घ्यायला मात्र रोज येत. तिला मांडीवर घेऊन बसत. सुमन एकदा मला म्हणाली, "त्या बाईच्या लेकरांचा घास आपल्या पोरीच्या अंगाला लागलाय." मी तिला गप्प केलं. नंदा बाळसं धरत होती आणि तिच्या गालांकडे बघून मला आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाची लाज वाटायची. दोन्ही एकदमच.

पाऊस आला, कामं बंद झाली, स्वयंपाकघर उठलं. पुढच्या सुगीला ज्वारी बरी आली. गावानं मागचं भराभर टाकून दिलं. काकूंच्या घरच्या उंबऱ्याचे नियम परत लागू झाले. मावशी पुन्हा वाकळी शिवू लागल्या, पण दिवेलागणीला तवा चढला नाही. मी एकदा धीर करून विचारलं, की आता देवाकडे काही मागत नाही का. "कोन्या तोंडानं मागू?" त्या म्हणाल्या. "आदी तिला द्यायचं ऱ्हायलंय." माझी थट्टा त्यांच्यापुरती संपली होती. मी ती सगळी वर्षं त्यांच्या विश्वासाला हसत आलो होतो, आणि आता तो नव्हता तर माझ्याच घरात मला चैन पडत नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझी बदली राहात्याला झाली. पाटाचं पाणी, ऊस, पेरूच्या बागा. बरोबरच्या मास्तरांनी नशीब काढलंस म्हणून पाठ थोपटली. निघायच्या दिवशी मावशी आमच्याबरोबर जामखेडच्या स्टँडपर्यंत आल्या. सामान आम्ही उचलू, पोर कोण धरणार, असं त्यांचं म्हणणं. नंदा सव्वा वर्षाची, लठ्ठ झाली होती आणि त्यांच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती.

ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून परतत होत्या. स्टँडबाहेरच्या कडुनिंबाखाली बोचकी, कोयते, भांडी, कोंबड्या असा सगळा संसार मांडून माणसं बसली होती. नगरची गाडी लागायला अवकाश होता. मावशी सुमनला काहीतरी सांगत होत्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी नंदाला माझ्या हातात दिलं आणि सरळ झाडाखाली चालत गेल्या. मी मागोमाग गेलो. फडक्यात बांधलेल्या भाकरी सोडत एक बाई बसली होती. कपाळावर व्रण होता. शेजारी आठ-नऊ वर्षांचा मुलगा.

मावशी तिच्यासमोर मातीत बसल्या. दुष्काळात आमच्या तलावावर आल्याचं तिला आठवतं का, ते त्यांनी विचारलं. गावाचं नाव सांगितलं, हंडा सांगितला. बाई आठवत राहिली, पण तिला आठवेना.

"त्या दिशी माज्याकडं हुतं," मावशी म्हणाल्या. "घरात ठिवल्यालं हुतं. आन् मी संपलं म्हनले तुला."

बाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखही नव्हती. "आसंल," ती म्हणाली. "लई जनांनी न्हाई म्हनलं त्या साली, मावशे. कुनाकुनाचं ध्यानात ठिवायचं?"

मावशींनी मग विचारलं, "आन् धाकटी?"

"गेली. गोवर आल्ता, पोळ्याच्या आदी."

त्याच पावसाळ्यात नंदालाही गोवर आला होता. चार दिवस अंग फणफणलं आणि उतरलं. गोवर कुणालाही येतो, तलावावरच्या त्या दुपारनंतर कितीतरी महिने गेले होते, हे सगळं मी तिथल्या तिथं मनात मांडून पाहिलं. पण भरल्या पोटाच्या लेकराला गोवर येऊन जातो आणि उपाशी लेकराला घेऊन जातो, हेही मला ठाऊक होतं. शाळेत मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तो भरडा या पोरीसाठी ठेवला होता, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. पोर माझ्या कडेवर होती. मी नुसतं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

मावशी तशाच बसून होत्या. बाईला त्यांची दया आली असावी, किंवा म्हातारी उन्हातून आलीय एवढंच तिला दिसलं असावं. तिनं भाकर मोडली, वर ठेचा ठेवला आणि अर्धी पुढं केली. "खाऊन घ्या."

"मला नगं, बाई," मावशी मागं सरकल्या.

बाईचा हात तसाच राहिला. तिचा आवाज पहिल्यांदाच बदलला. "का? आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?"

मावशींनी चमकून वर पाहिलं. हा प्रश्न त्यांनी जन्मभर मनात गिळला होता, कुणाला विचारला नव्हता. त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि भाकर घेतली. ओठ हलले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना जेवणाआधी प्रार्थना करताना पाहत होतो. मग त्यांनी घास मोडला आणि तोंडात घातला, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्या चावत राहिल्या. तो मुलगा उठला आणि त्यांच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आला.

भाकर बघून नंदानं माझ्या कडेवरून हात पसरला. बाई हसली. आपल्या वाट्यातला एक तुकडा मोडून तिनं नंदाच्या मुठीत दिला आणि तिच्या गालाला हात लावला. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

गाडी लागली. सुमन हाका मारत होती. खिडकीतून मला मावशी दिसल्या त्या तिथंच, मातीत, त्या दोघांच्या मध्ये बसून जेवताना. त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं नाही. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.

सुमननं विचारलं, पोरीच्या हातात काय आहे, कुणी दिलं. मी सांगितलं. तो तुकडा तिनं काढून घेतला नाही, मलाही घेता आला नाही. आष्टी येईपर्यंत नंदानं तो सगळा खाल्ला.